तो मोदक खायचा नव्हता! घरगुती वॅक्स टार्टचं पॅकिंग

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. 'ताई, वॅक्स टार्ट आता छान जमतात, पण विकायचे तर पॅक कसे करू?' म्हणून आजचा अख्खा भाग पॅकिंगवर.

ज्यांना वॅक्स टार्ट माहीत नाहीत त्यांच्यासाठी पटकन सांगते. ही बिनवातीची मेणबत्ती समजा. सुगंधी मेणाची छोटी वडी असते. ती वॉर्मरच्या वाटीत ठेवायची, खालून टीलाइटची नाहीतर बल्बची ऊब द्यायची, की मेण वितळतं आणि खोलीभर वास पसरतो. कुणी याला वॅक्स मेल्ट म्हणतं. वस्तू तीच.

आता एक गोष्ट ऐका. माझ्याच चुकीची आहे.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत आमच्या सोसायटीत मी स्टॉल लावला होता. मोदकाचा सिलिकॉनचा साचा आणला, पांढरं सोया मेण, केशर-वेलचीचा वास, वर केशरी ठिपका. मिठाईवाल्यांकडे असतात तसे सोनेरी डबे घेतले आणि एकेक मोदक कागदी वाटीत बसवला. डब्यावर काय लिहिलं? फक्त 'गणेशोत्सवाच्या शुभेच्छा'. दोन संध्याकाळींत चाळीस डबे संपले. मी तर हवेतच होते.

तिसऱ्या दिवशी एका काकूंचा फोन आला. 'अगं, तुझा डबा मी टेबलावर ठेवला होता. पाहुण्यांना वाटलं प्रसाद आहे, त्यांनी आमच्या नातवाच्या हातात मोदक दिला.' नातू चार वर्षांचा. त्याने चावा घेतला, तोंड वाकडं केलं आणि थुंकून टाकलं. डॉक्टरांना दाखवलं, काही झालं नव्हतं. पण तो निरोप कळेपर्यंतचा माझा तास कसा गेला ते मलाच माहीत. काकू ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'डब्यावर कुठे लिहिलंच नव्हतं गं, हे मेण आहे म्हणून.'

त्याच रात्री मी ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना मेसेज केला, उरलेले डबे परत मागवले आणि पैसे दिले. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. स्टॉलवर मी प्रत्येकाला तोंडाने सांगत होते, पण डबा घरी गेल्यावर मी तिथे नसते. तिथे पॅकिंगच बोलतं, आणि माझं पॅकिंग खोटं बोलत होतं.

म्हणून पहिला नियम: खाऊसारखा आकार, खाऊचा वास आणि खाऊचा डबा, हे तिन्ही एकत्र नको. युरोपात तर खाण्याच्या वस्तूसारख्या दिसणाऱ्या धोकादायक वस्तूंविरुद्ध १९८७ सालीच नियम झाला. मी मोदकाचा साचा कायमचा बंद केला. आता मोगरा, चाफा, पहिला पाऊस असे वास आणि साधे चौकोनी तुकडे. आणि 'सुगंधी मेण, खाण्यासाठी नाही' ही ओळ पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत. तीही मराठीत, कारण घरात लेबल फक्त आपण वाचत नाही, आजीही वाचते.

आता डबी कोणती? मी क्लॅमशेल वापरते. शिंपल्यासारखी उघडणारी पारदर्शक प्लॅस्टिकची डबी, सहसा सहा खणांची. हिची गंमत अशी की साचाही तीच आणि पॅकिंगही तीच. मेण थेट तिच्यात ओतायचं. पण डबी पेट प्लॅस्टिकची असेल तर ते साधारण ७० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, त्यामुळे फार गरम मेण ओतलं की डबी वेडीवाकडी होते. मी ६० अंशांच्या आसपास ओतते. थर्मामीटर घ्या, अंदाजपंचे नको.

ऑर्गंझाची जाळीदार पोटली फोटोत सुंदर दिसते, पण वास तिच्यातून उडून जातो. साध्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतूनही हळूहळू जातो. कागदाच्या डबीत तेलाचे डाग पडतात. सुटे तुकडे द्यायचेच असतील तर बीओपीपीची चकचकीत पिशवी घ्या आणि सील करा. आणि मोगरा न् कॉफी एका पिशवीत कोंबू नका, आठवड्यात दोन्हींचा वास एकच होतो. आणखी एक, ओतल्या ओतल्या विकायला काढू नका. सोया मेणात वास मुरायला एक-दोन आठवडे द्या.

मग येतो आपला उन्हाळा. सोया मेण साधारण ५० अंशांच्या आसपास वितळतं, काही प्रकार त्याच्याही आधी. मे महिन्यात विदर्भात पारा ४५च्या घरात जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे पार्सल वाटेत वितळणार हे धरूनच चाला. क्लॅमशेल इथे वाचवते. मेण वितळलं तरी त्याच खणांत पुन्हा घट्ट होतं, फक्त डबीची कड टेपने बंद हवी. त्यावर पिशवी, मग बबल रॅप, मग खोका. जेल पॅकने वितळणं लांबतं, थांबत नाही. मी उन्हाळ्यात पार्सल सोमवार-मंगळवारीच पाठवते, म्हणजे ते रविवारी कुठल्या गोदामात पडून राहत नाही. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगते, 'पृष्ठभाग खडबडीत झाला तर घाबरू नका, वास तोच राहतो.'

आता जो भाग सगळे टाळतात तो. लेबल. पॅकबंद वस्तू विकायची म्हटलं की २०११ चे वैधमापनशास्त्राचे नियम लागू होतात. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तू काय आहे, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसहित एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल हवा. एका ग्रॅमची किंमतही हवी. ८० ग्रॅमची डबी २४० रुपयांना असेल तर ग्रॅमला ३ रुपये, इतकं सोपं आहे. निव्वळ वजन म्हणजे फक्त मेणाचं, डबी सोडून. काटाही पडताळणी करून शिक्का मारलेला लागतो, स्वयंपाकघरातला चालत नाही. पॅकिंग करणाऱ्याला या खात्याकडे नोंदणीही करावी लागते. कंटाळवाणं आहे, मान्य. पण माझ्या सोनेरी डब्यावर यातलं एवढंच असतं ना, 'वस्तू: सुगंधी मेण', तरी तो फोन आला नसता.

मागच्या बाजूला वापराच्या चार ओळी लिहा. वॉर्मरमध्येच वापरा, थेट पेटवू नका. चालू ठेवून बाहेर जाऊ नका. मुलं आणि प्राण्यांपासून लांब ठेवा. वितळलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात घट्ट होतं. कोमट असताना कापसाच्या बोळ्याने टिपून कचऱ्यात टाका. आपल्याकडे पुष्कळ जण विजेवरच्या कापूरदाणीत टार्ट टाकतात. तिची वाटी लहान असते, मेण ओसंडून विजेच्या भागात जाऊ शकतं. त्यामुळे 'कापूरदाणीत वापरू नका' हेही मी छापते.

आज रात्री एक करून बघा. तुमची एक डबी घ्या आणि घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या, ज्याला तुम्ही काय बनवता हे ठाऊकच नाही. काही बोलू नका. 'हे काय आहे?' असं विचारलं गेलं, तर लेबल पुन्हा करा. वास घेऊन 'खाऊ का?' विचारलं, तर सगळंच पुन्हा करा.

त्या काकू आजही माझ्याकडून मोगरा घेतात. डबी हातात आली की आधी चष्मा लावून लेबल वाचतात आणि मगच पैसे देतात.

तुमच्या डब्यांचे फोटो पाठवा, लेबलसकट हं. भेटू पुढच्या भागात.