उन्हातली कामे आणि अंगातला माठ



वैशाखाचं ऊन रणरणतं, पण पऱ्हाट्या वेचणं, शेणखत पसरणं ही कामं थांबत नाहीत. अशा वेळी आपलं शरीर आतून काय करतं, ते आज पाहू.

बाहेर पारा ४४ अंशांवर गेला तरी निरोगी माणसाच्या अंगातलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. ही राखण मेंदू करतो. अंग तापू लागलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता रक्ताबरोबर वर येते आणि घाम सुटतो. माठातलं पाणी गार का होतं? पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं म्हणून. घामाचंही तसंच. तो नुसता गळून उपयोग नाही, वाळला पाहिजे. म्हणूनच दमट, वारा पडलेल्या दिवशी पारा कमी असूनही जीव जास्त घाबरतो.

कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. त्याबरोबर मीठही जाते. पाणी कमी पडले की मूत्रपिंडे लघवी आवरून धरतात. लघवी थोडी व गडद पिवळी झाली, की समजावं माठ आटला.

तेव्हा एवढं करा :

१) जड कामे सकाळी लवकर व उन्हं उतरल्यावर करा. दुपारी सावली धरा.

२) तहानेची वाट न पाहता थोड्या-थोड्या वेळाने पाणी प्या. सोबत मीठ घातलेलं ताक घ्या.

३) फार घाम गेल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून प्या. मीठ जास्त नको. रक्तदाब वा मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारा.

४) सैल सुती कपडे घाला. नवख्या माणसाला पहिला आठवडाभर काम बेतानं द्या. उन्हाची सवय हळूहळू होते.

कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भाजू लागलं, तर तो उष्माघात समजा. घाम असला तरी गाफील राहू नका. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका.

बैलांचं औत आपण ऊन तापण्याआधी सोडतो. तीच माया स्वतःवर आणि मजुरांवरही करा.