काय सोडून दिलंत?

वसई, नालासोपारा, विरार, अर्नाळ्याहून आलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

हार्ट फेल्युअरचा पेशंट आपल्या दवाखान्यात येतो, समोर बसतो आणि पुष्कळदा तक्रारच करत नाही. माणूस हळूहळू जगणं आवरतं घेतो. विरार स्टेशनचा पूल चढताना धाप लागते, म्हणून आधी मध्येच मोबाइल काढून उभा राहतो, पुढे पूल टाळतो, मग बाजारातही मुलाला पाठवतो. आपण विचारतो, ‘दम लागतो का?’ तो ‘नाही’ म्हणतो, आणि ते खरं असतं. दम लागेल असं तो काही करतच नाही! म्हणून माझा आग्रह आहे की प्रश्न बदला. सहा महिन्यांपूर्वी सहज करत होता आणि आता सोडून दिलंत, असं काय?

आगाशीकडच्या वाडीत काम करणाऱ्या बाईला विचारा, कळ्या खुडायला वाकल्यावर काय होतं? वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत दम लागत असेल, तर त्याची नोंद घ्या. रात्री उशा किती लागतात? आडवं झाल्यावर खोकला येतो का? झोपेतून दचकून उठून खिडकीशी जावं लागतं का? मग पाय बघा. नडगीवर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, उचलल्यावर खळगा राहतो का ते पाहा. अ‍ॅम्लोडिपिननेही पाय सुजतात, हे खरं. पण सूज आणि धाप एकत्र असतील तर नुसती गोळी बदलून पेशंटला घरी धाडू नका. मानेची शीर बघायला पैसे पडत नाहीत. आणि छाती साफ ऐकू आली म्हणून निश्चिंत होऊ नका, जुन्या हार्ट फेल्युअरमध्ये स्टेथोला कित्येकदा काहीच लागत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला बाळंतिणीची वाटते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू दुबळा पडू शकतो. घरचे अशक्तपणा म्हणतात, डिंकाचे लाडू देतात. आपणही टॉनिक लिहून दिलं तर तिच्यासाठी दुसरं कोण उरलं?

केरळात २०१३ साली झालेल्या त्रिवेंद्रमच्या नोंदणीत हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं सरासरी वय साधारण ६१ होतं, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. तेव्हा ‘वय झालं’ हे उत्तर आपल्याकडे चालणारच नाही. इकोत पंपिंग चांगलं आलं तरी विषय संपत नाही. बीपी, मधुमेह, लठ्ठपणा असलेल्या वयस्क बायकांत पंपिंग नीट असूनही हार्ट फेल्युअर सापडतं.

गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांबद्दलही खोदून विचारा. त्या मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवतात. त्यात आपल्याकडे जेवणात सुकी मासळी, पापड, लोणचं.

दोन विनंत्या आहेत. प्रत्येक दवाखान्यात वजनकाटा हवा, आणि ज्याचं निदान झालंय त्याने रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन लिहावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दम लागायची वाट न बघता त्याने यायचं. दुसरी विनंती इथे बसलेल्या हृदयरोगतज्ज्ञांना : आमच्यापैकी कुणी संशय घेऊन फोन केला, तर त्या पेशंटचा इको त्याच दिवशी करा.