मांत्रिकाचीं दहा माणसें

(पिंपळे सौदागर येथें एका खेड्यांतील शाळामास्तरानें दिलेलें व्याख्यान)



मी चाकणकडील एका खेड्यांतला मास्तर आहें, वक्ता नाहीं. येथें पवनेच्या कांठीं रानांच्या जागीं आतां इमारती उभ्या आहेत. आमच्याकडे अजून कांद्याचीं रानें आहेत, आणि रानांत साप आहेत.

माझा चुलतभाऊ पावसाळ्यांत भुईवर निजला असतां रात्रीं त्याला मण्यार डसला. सूज नाहीं, फारशी आग नाहीं. घरचे म्हणाले, मांत्रिकाकडे नेऊं; त्याच्या हातून दहा माणसें बरीं झालीं आहेत. मीहि गप्प राहिलों, कारण तीं दहा माणसें मीं डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. पहाटे भावाच्या पापण्या मिटूं लागल्या, शब्द फुटेना, आणि दवाखान्याच्या वाटेवर श्वास थांबला.

दहा माणसें बरीं झालीं हें खोटें नव्हतें. त्यावरून आम्हीं काढलेला निकाल खोटा होता. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी. जीव घेणारे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. तेहि दर वेळीं विष सोडतातच असें नाहीं. म्हणजे चावलेल्यांपैकीं पुष्कळ जण मंत्रावांचूनहि उठून घरीं गेले असते. मंत्रानंतर बरा झाला, इतकेंच आपण पाहिलें. मंत्रानें बरा झाला, असें बोलूं लागलों. आणि जो दगावला त्याचें काय? मांत्रिक म्हणतो, उशीर केलात, विटाळ झाला, मनांत भाव नव्हता. चित पडलें तरी तोच जिंकला, पट पडलें तरी तोच!

शेतांत तुम्ही असा हिशेब कधीं करीत नाहीं. नवें खत आणलें तर एक वाफा बिनखताचा ठेवतां, दोन्ही पिकें पाहतां, आणि मग बोलतां. बिनमंत्राचा वाफा कोणीं पाहिला आहे?

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, त्या काळीं शिकलेल्या बाईचा नवरा मरतो असा समज होता. ज्या घरांत पाटी कधीं शिरली नाहीं तेथल्या विधवा मात्र कोणीं मोजल्या नाहींत.

तुमच्या गांवचेंहि बोलतों, राग मानूं नका. अमक्यानें जमीन विकून बंगला बांधला, तेव्हां आपणहि विकूं, असें म्हणत किती जमिनी गेल्या? बंगला रस्त्यावरून दिसतो. ज्याचे पैसे चार वर्षांत संपले त्याची भाड्याची खोली पाहायला कोण जातो? विकूं नका असें मी म्हणत नाहीं; दोघांच्याहि घरीं जाऊन या.

मागें एका सभेंत एक गृहस्थ उठून म्हणाले, "मास्तर, तुम्ही काय डॉक्टर आहांत?" नाहीं. पण माझी बेरीज चुकली असेल तर चूक दाखवा. माझी पदवी विचारून बेरीज बदलत नाहीं. दुसरे म्हणाले, "आपले वाडवडील काय मूर्ख होते?" मुळींच नव्हते. त्यांच्यापाशीं औषध नव्हतें, म्हणून मंत्र म्हणत रात्रभर उशाशीं बसले. पुढें घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरचें औषध निघालें. मुंबईच्या हाफकिन संस्थेंतहि तें तयार होत आलें. आज सरकारी रुग्णालयांत तें टोंचतात. उशीर होईल तसें त्याचें काम अवघड होतें.

म्हणून दंशावर कापूं नका, चोखूं नका, दोरी आवळूं नका. माणसाला चालवूं नका. डसलेला हातपाय न हालवितां गाडींत घालून थेट रुग्णालयांत न्या.

त्या मांत्रिकाच्या अंगणांत आजहि माणसें बसलेलीं असतात. तीं दहा नांवें तेथें सर्वांना पाठ आहेत. माझ्या भावाचें कोणी घेत नाहीं.