बाबांची फियाट आणि मंद दिवे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. आपण सगळे पंचेचाळिशीला टेकलो आहोत. आता आपल्याला कसल्या संधी? आणि आपल्या मुलांना त्या आपल्यापेक्षा जास्त माहीत आहेत. शिवाय सकाळपासून तुमच्यापैकी निम्म्यांनी मला एकच प्रश्न विचारला, की मैदानात कडुलिंबाखाली उभी आहे ती काकाजींचीच फियाट का? हो, तीच. म्हणून मी त्या गाडीबद्दलच बोलणार आहे.

गाडी १९७४ ची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात त्याच सुमाराला तिचं नाव ‘प्रेसिडेंट’चं ‘पद्मिनी’ झालं, पण सावलीत तिला कोणी पद्मिनी म्हटल्याचं मला आठवत नाही. आपल्यासाठी ती फियाटच. बाबांनी ती १९८७ मध्ये चंद्रपूरच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली. गावातल्या किती बाळंतिणी तिच्यात बसून वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोलीला गेल्या, ते आईला तोंडपाठ आहे. मुंबईच्या रस्त्यावरून या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षं ओलांडलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. मी बाबांना तसं सुचवलं. पण त्या नंबरावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही हे कळल्यावर ते म्हणाले, “मंग कायले पाहिजे?” विषय संपला.

तर गोष्ट अशी. माझं लग्न २००८ मध्ये झालं. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने बाबा फोनवर सांगायला लागले की रात्री गाडीचा उजेड पुरत नाही. चंद्रपूरहून परतताना चिचपल्लीच्या जंगलात एकदा सायकलवाला अगदी जवळ येईपर्यंत त्यांना दिसला नव्हता. मी तेव्हा पुण्यात. पंचवीस जणांच्या टीमची प्रमुख. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून ‘तुमच्याच मशीनमध्ये गडबड असेल’ असं सांगण्याची सवय लागलेली. मी म्हटलं, “बाबा, डोळे तपासून घ्या.”

त्यांनी घेतले. मोतीबिंदू निघाला, २०१२ मध्ये ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले छान झालं. बाबा तरी म्हणायचे, दिवेच मंद आहेत. त्यांनी शंभर वॅटचे बल्ब आणून बसवले, उपयोग झाला नाही. मी, माझा भाऊ, आई, आम्ही तिघांनी मिळून ठरवलं की वय झालं. २०१३ पासून गाडी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली. बाबांनी भांडण केलं नाही. किल्ली कपाटात ठेवून दिली.

मागच्या पावसाळ्यात मी दोन महिने घरून काम करायला सावलीला आली. (पुण्यात मी ‘आले’ म्हणते, इथे जीभ आपोआप वळते.) भाऊ गाडी भंगारात द्यायचं म्हणत होता. मी म्हटलं, सुरू तर करून पाहू.

इंजिनाचं मूलच्या मिस्त्रींनी आठवड्यात जमवलं. वायरिंग मात्र मी स्वतःकडे घेतलं. मला वाटलं, मी इंजिनिअर, बारा व्होल्टची साधी गाडी, तिच्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, तीन-चार संध्याकाळचं काम. पहिल्याच संध्याकाळी मी बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक आधी सोडायला घेतलं. पान्याचं दुसरं टोक मडगार्डला लागलं, ठिणग्यांचा फवारा उडाला आणि पान्याचा कोपरा वितळला. निगेटिव्ह आधी काढायचं, लावताना शेवटी लावायचं. निगेटिव्ह सोडलेलं असलं की पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण परीक्षेतलं ठाऊक असणं वेगळं.

पुढे मी तेच केलं जे सगळे करतात. वस्तू बदलत सुटले. नवी बॅटरी, नवे बल्ब, नवा डिपर स्विच. दिवे लावले तर पिवळे, विझायला आलेल्या कंदिलासारखे. वरून गमती अशा, की डावा इंडिकेटर दिला की मागचे ब्रेकचे दिवे मिणमिण करायचे आणि पेट्रोलचा काटा त्या तालावर नाचायचा.

मिस्त्री आले, बघून हसले. “ताई, बदलवून कायले राह्यल्या? पयले पाहा तं, करंट अडते कुठं.” त्यांच्याकडे मीटर नव्हता. एक बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला दाभणासारखी सुई. मी माझा डिजिटल मीटर दाखवला, तर म्हणाले, “मीटर सांगते वीज हाये का. हा दिवा सांगते, ते कामाची हाये का.”

या वाक्यात फार मोठं विद्युतशास्त्र आहे. डिजिटल मीटर वीज जवळजवळ घेतच नाही. वायरीच्या पन्नास तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी तो इमानदारीने बारा व्होल्ट दाखवतो. पण त्या एका तारेतून दिव्याला लागणारे तीन-चार अँपिअर नेऊन पाहा, कोलमडते. म्हणून जुन्या गाडीत मोजमाप दिवा चालू ठेवूनच करायचं. दिवा बंद असताना मोजलेल्या आकड्यांना अर्थ नाही.

आणि इथे मला आपला नववीचा विज्ञानाचा तास आठवला. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. टॉर्चचा सेल, बल्ब, तांब्याची तार. जोडणी मुलं करायची आणि आम्ही मुली वहीत निरीक्षण-तक्ता भरायचो. पक्कड आमच्या हातात कधी आली नाही, त्याचा राग मला आजही आहे. पण तुम्ही प्रत्येक गटाला एक प्रश्न विचारायचे : “गेली, हे दिसलं. परत कुठून येते?”

गाडीत परतीची वायरच नसते. बॅटरीचं निगेटिव्ह टोक एका जाड पट्टीने बॉडीला जोडलेलं असतं आणि प्रत्येक दिव्याची काळी वायर जवळच्या पत्र्यावर स्क्रूने कसलेली असते. आख्खी बॉडी हीच परतीची वायर. वायरी वाचवण्यासाठी केलेली ही सोय पन्नास वर्षांनी दगा देते, कारण प्रत्येक स्क्रूखाली गंज चढतो. मग वीज परतायला आडवाट शोधते. इंडिकेटरची वीज ब्रेकच्या बल्बातून उलटी घुसून पुढे जाते, म्हणून तो भलताच दिवा मिणमिणतो. भुताटकी वाटते, पण ती बिचारी घरी जायचा रस्ता शोधत असते. मागचा दिवा उघडला तर आत कुंभारमाशीचं मातीचं घर आणि स्क्रूच्या जागी गंजाचा लगदा. पॉलिश पेपरने पत्रा घासला, नवा स्क्रू, थोडं व्हॅसलीन. मिणमिण गेली, काट्याचा नाचही नंतर तसाच थांबला.

मग समोरचे दिवे. या वेळी मी वही घेतली आणि निरीक्षण-तक्ता आखला. एका वेळी एकच गोष्ट करायची, मोजायची, लिहायची. इंजिन बंद, दोन्ही दिवे चालू. बॅटरीवर १२.२ व्होल्ट. बल्बच्या दोन पायांत मोजले तर ९.७. म्हणजे अडीच व्होल्ट वाटेत गायब. तंतूच्या बल्बचा स्वभाव असा, की व्होल्टेज वीस टक्के घटलं तर उजेड वीस टक्के नाही, निम्म्याहून जास्त घटतो. म्हणजे गाडीला दोन दिवे होते, उजेड एकाचाही पुरता नव्हता.

अडीच गेले कुठे? मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं बल्बकडे येणाऱ्या वायरीवर : ०.८. फ्यूजच्या चिमट्यांत आणि स्विचच्या जुनाट वायरीत ते विखुरलेले. एका फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. ती कोणी लावली हे बाबा अजून कबूल करत नाहीत. आता दुसरी बाजू. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं दिव्याच्या काळ्या वायरीवर. तिथे यायला हवं होतं ०.१, फार तर ०.२. आले १.७. जाताना जितकी वीज हरवत होती, त्याच्या दुप्पट परतताना.

दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी समोरच्या पत्र्यावर एकाच स्क्रूला होत्या. तिथला रेझिस्टन्स साधारण एक पंचमांश ओहम. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाही जवळपास तेवढाच असतो, म्हणून रेझिस्टन्स मोजून हा दोष कधीच सापडला नसता. आणि बाबांचे शंभर वॅटचे बल्ब? त्यांनी दुप्पट करंट ओढला, म्हणजे त्या स्क्रूवर दुप्पट व्होल्टेज हरवलं. वर डिपरची आतली पट्टी जळाली.

मी स्क्रू काढला. वायरीचं थिंबल उचललं. त्याखाली गंज असेल अशी माझी खात्री होती. गंज नव्हता. स्वच्छ, गुळगुळीत, निळा रंग होता.

तुमच्यापैकी जे लग्नाला होते त्यांना आठवत असेल, फियाट मूळची साय रंगाची. मुलीची पाठवणी आहे, गाडी चांगली दिसली पाहिजे म्हणून बाबांनी २००८ मध्ये तिला नवा निळा रंग दिला. रंगाऱ्याने दिवे सोडले, पत्रा रंगवला आणि वाळल्यावर थिंबल त्या रंगावरच कसलं. त्याचीही चूक म्हणवत नाही, काम देखणं केलं होतं. पण रंगातून वीज जात नाही. परतीसाठी उरले फक्त स्क्रूचे चार आटे. नवे होते तोवर त्यांनी निभावलं, मग पावसाळ्यांनी त्यांनाही धरलं.

आमच्या कामात काही बिघडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : शेवटचा बदल काय केला होता? दिवसातून दहा वेळा मी हा प्रश्न ज्युनिअर मुलांना विचारते. बाबांना पाच वर्षांत एकदाही विचारला नाही. त्यांनी तर पहिल्या फोनमध्येच सांगितलं होतं, की तुझ्या लग्नानंतर हे सुरू झालं. मला ते वाक्य जसंच्या तसं आठवलं, त्या स्क्रूसमोर उकिडवी बसली असताना.

रंग खरवडून चकाकता पत्रा काढला, नवं थिंबल लावलं, वरून पुन्हा रंगाचा हात. बॅटरीला एक जाड जोडपट्टी जास्तीची. फ्यूजचे चिमटे घासले आणि दिव्यांसाठी रिले टाकला, म्हणजे सगळा करंट स्विचमधून जात नाही. जुन्या गाड्यांचे सोवळे लोक रिलेवर नाक मुरडतात. त्यांनी चिचपल्लीतून रात्री एकदा जाऊन यावं. बल्बवर आता ११.८ येतात, आणि इंजिन सुरू असताना तेराच्या वर.

बॅटरी पाच-सहा दिवसांत उतरायची, तेही निस्तरलं. मध्ये ॲमीटर घालून एकेक फ्यूज काढत गेली, सगळे काढले तरी काटा हलेना. म्हणजे फ्यूजला वळसा घालून कोणीतरी वीज पीत होतं. कॅसेट प्लेअर निघाला, आणि तो बाबांनी स्वतः थेट बॅटरीवर जोडला होता. हे मात्र त्यांनी लगेच मान्य केलं.

दिवे झाले त्या संध्याकाळी बाबांना शेडमध्ये बोलावलं. ते आता ८१ वर्षांचे आहेत. समोरच्या भिंतीवर दिवे टाकले. आधी फक्त भिंत दिसली, मग बाबांनी बोट दाखवलं : भिंतीवरच्या पालीचे पाय मोजता येत होते. मी त्यांना स्क्रू, निळा रंग, १.७ व्होल्ट, सगळं सांगितलं. वही दाखवली. माझं चुकलं, असंही म्हटलं. त्यांनी चष्मा लावून तक्ता पूर्ण वाचला आणि म्हणाले, “मी तं तुले सांगूनच राह्यलो होतो.” एवढंच. मग म्हणाले, “चल.”

मूल ओलांडून चिचपल्लीपर्यंत गेलो. गाडी मी चालवत होती, ते बाजूला बसले होते. जंगलात शिरल्यावर दूरवर रस्त्याच्या कडेला चितळांचे डोळे चमकले. बाबा मोजत होते. अकरा.

आज ते आले आहेत, तिसऱ्या रांगेत, निळ्या सदऱ्यात. जेवणानंतर कोणाला गाडी पाहायची असेल तर बॉनेट उघडून ठेवते. सर, तुम्ही या, स्क्रू दाखवते. डावा इंडिकेटर अजून कधीकधी टिकटिक करायचं विसरतो. मागचे दोन्ही स्क्रू पाहून झाले, पुढचा राहिला आहे. आपल्या वर्गातल्या ज्यांनी त्या काळी पक्कड धरली होती, त्यांनी येऊन तो सोडवावा. निरीक्षण-तक्ता मी भरीन.