एका वहीपुढें चोवीस कारकून



लातुरास किंवा नांदेडास ज्याच्या घरीं प्रवेशाची वाट पाहणारें मूल आहे, त्यास जून-जुलै महिन्यांत ई-मेल ही काय वस्तु आहे हें मीं सांगावयास नको. आसपासच्या तालुक्यांतील मुलें या दोन शहरांत खोल्या घेऊन राहतात, आणि ‘कागदपत्रें अमुक तारखेस सायंकाळीं पांचपूर्वीं सादर करावीं’ एवढ्या एका ओळीचें पत्र त्यांच्या वर्षाचा निकाल लावूं शकतें. कांहीं वर्षांपूर्वीं नांदेडांतील एका संस्थेच्या कचेरींत कंधारकडचे एक गृहस्थ असेंच पत्र दाखवीत उभे होते. कचेरी म्हणत होती, पत्र दुपारीं दोनला धाडलें. गृहस्थ म्हणत होते, मुलाला तें रात्रीं आठला मिळालें. दोघेहि खरें बोलत होते. प्रत्येक ई-मेलच्या माथ्यावर, सामान्यतः झांकलेल्या अशा कांहीं ओळी असतात. वाटेंतील प्रत्येक सर्व्हर तेथें आपला वेळेचा शिक्का मारतो. त्या उघडून पाहतां दिसलें कीं पत्र सहा तास संस्थेच्याच मेल सर्व्हरवर पडून होतें. मला बोलावणें आलें तें या सहा तासांचा हिशेब लावण्यासाठीं.

संस्थेनें त्यापूर्वीं एक उपाय करून पाहिला होता. जुनें ४ कोअरचें यंत्र काढून तिनें २४ कोअरचें नवें बसविलें होतें. कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणें काम करणारा एकेक कामगार, असें तूर्त समजा. चाराचे चोवीस झाले म्हणजे काम सहापट वेगानें व्हावें ही अपेक्षा व्यवहारी माणसाचीच होती. प्रत्यक्षांत वेग किंचित वाढला, आणि गर्दीच्या दिवशीं तोहि फरक दिसेनासा झाला.

यंत्रासमोर बसून मीं प्रथम पाहिलें तें हे कामगार काय करीत आहेत. लिनक्सवर ‘टॉप’ नांवाची एक साधी आज्ञा असते. ती देतांच दिसलें कीं चोवीसांपैकीं वीस कोअर जवळजवळ रिकामे आहेत, आणि तरीहि यंत्रावरील भाराचा आंकडा साठाच्या वर गेला आहे! हा प्रकार पुष्कळांना चकवितो. भार मोजतांना लिनक्स काम करणारांबरोबर, डिस्कच्या उत्तराची वाट पाहत खोळंबलेल्यांनाहि मोजतो. गर्दी होती ती काम करणारांची नव्हे, वाट पाहणारांची.

लातूरकरांना हें समजावून देण्यास दूर जावें लागत नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून पाण्याची आगगाडी आली, तेव्हां पहिल्या फेरीस १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आलें; त्याच महिन्यांत वाघिणी ५० झाल्या व पाणी २५ लाख लिटर झालें. परंतु वाघिणी पांचपट झाल्या म्हणून घागरी पांचपट वेगानें भरल्या असें कोणी लातूरकर म्हणणार नाहीं. तें पाणी उतरवून घ्यावयाचें, शुद्ध करावयाचें, मग वस्तीवस्तीस न्यावयाचें. यांत जें काम सर्वांत मंद, त्याच्याच गतीनें घागर भरावयाची.

आमच्या सर्व्हरमधील मंद काम कोणतें, हें शोधावयाचें होतें. पत्र आलें म्हणजे तें ज्याच्या नांवें आहे तो येथलाच काय आणि त्याची पेटी कोठें, हें पोस्टफिक्स नांवाचा टपालाचा प्रोग्राम मायएसक्यूएल या डेटाबेसला विचारतो. नंतर नकोशीं पत्रें ओळखणारा स्पॅमअ‍ॅसॅसिन पत्रांतील शब्द घेऊन ते पूर्वीं चांगल्या पत्रांत किती वेळां आले व वाईट पत्रांत किती वेळां, याची नोंद त्याच डेटाबेसांत पाहतो. आणि पाहून थांबत नाहीं, हे शब्द पुन्हां केव्हां दिसले तेंहि लिहून ठेवतो. म्हणजे प्रत्येक पत्रामागें लिहिणें आलें, आणि तेथेंच घोडें पेंड खात होतें.

या नोंदींचा तक्ता जुन्या यंत्रावरून जसाच्या तसा उचलून आणला होता, आणि तो मायआयसॅम या जुन्या पद्धतीचा होता. या पद्धतींत एकजण लिहूं लागला कीं सबंध तक्त्यास कुलूप लागतें. कचेरींत कारकून चोवीस, पण वही एकच. एकानें ती ओढून एक ओळ लिहावी आणि बाकीच्या तेविसांनीं टांक हातांत धरून उभें राहावें, असा हा देखावा. अशा ठिकाणीं कारकून वाढविले तर वहीभोवतींची रेटारेटी मात्र वाढते. ‘सध्यां कोण काय करीत आहे’ असें डेटाबेसला विचारलें, तेव्हां ओळीमागून ओळ एकच उत्तर आलें: तक्त्याच्या कुलपाची प्रतीक्षा.

जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन अभियंत्यानें १९६७ सालींच हें गणित मांडून ठेवलें आहे. कामाचा चवथा हिस्सा जर एकामागून एकच करतां येण्याजोगा असेल, तर चोवीस कामगारांनीं वेग साडेतीनपटीच्या आसपास वाढतो. आणि कामगार हजार आणले तरी तो चारपट होत नाहीं.

गंमत अशी कीं दुसरें एक कुलूप वेग वाढावा म्हणूनच बसविलेलें होतें. मायएसक्यूएलमध्यें क्वेरी कॅश म्हणून सोय असे. एकदां दिलेलें उत्तर जपून ठेवावें व तोच प्रश्न आला कीं तें काढून द्यावें. एका कोअरच्या काळांत ही युक्ति गुणकारी होती. पण त्या सबंध सांठ्यास कुलूप एकच, आणि तक्त्यांत एक ओळ बदलली कीं त्या तक्त्याचीं सारीं जपलेलीं उत्तरें रद्द! बहुकोअर यंत्रांवर तिचा जांच इतका झाला कीं २०१३ च्या आवृत्तींत ती आरंभापासून बंद ठेवण्यांत आली व २०१८ च्या आठव्या आवृत्तींतून काढूनच टाकली. आमच्या जुन्या आवृत्तींत ती चालू होती. ती बंद केली आणि तक्ता इनोडीबी पद्धतीचा केला. या पद्धतींत कुलूप तक्त्यास नव्हे, ओळीस लागतें.

कुलुपें सुटलीं, पण पत्रें अजून रेंगाळतच होतीं. आतां आडवी आली ती डिस्क. इनोडीबी प्रत्येक पक्की नोंद डिस्कवर प्रत्यक्ष उतरल्यावांचून पुढें जात नाहीं, हा तिचा सद्‍गुण आहे. परंतु मिनिटास ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदास १२० च फेरे घेते. नोंदी एकत्र बांधल्या नाहींत तर सेकंदास शंभर-सवाशांपलीकडे मजल जात नाहीं, मग कोअर किती कां असेनात. त्यांत पोस्टफिक्सहि आलेलें प्रत्येक पत्र त्याच डिस्कवर पक्कें करीत होता. कोअरवर झालेल्या खर्चाच्या लहानशा भागांत एक एसएसडी आली असती. पण पैसे संपले होते, हें असल्या कामांत नेहमींचेंच!

तेव्हां पत्रांची रांग एका डिस्कवर व डेटाबेस दुसऱ्यावर केला. शब्दांच्या नोंदींसाठीं मायएसक्यूएल स्वतंत्र चालवून तेथें सेकंदांतून एकदांच डिस्कवर उतरविण्याची मोकळीक दिली. वीज गेली तर सेकंदाभराच्या नोंदी बुडतील. शब्दांच्या बाबतींत तें चालेल. विद्यार्थ्यांचे पत्ते व पेट्या यांच्या बाबतींत चालणार नाहीं, म्हणून तेथें ही सवलत मीं दिली नाहीं, संस्थेच्या कारभाऱ्यांनीं दोनदां विचारलें तरी. एका रविवारीं मुद्दाम वीज तोडून पाहिलें. एकहि पत्र हरवलें नाहीं.

पुढच्या फेरीच्या दिवशीं दोन वाजतां निघालेलें पत्र दोन वाजून एक मिनिटानें पेटींत पडल्याचा शिक्का मीं पाहिला. कंधारच्या त्या मुलाचीं कागदपत्रें संस्थेनें तत्पूर्वींच घेतलीं होतीं. माथ्यावरील ओळींची छापील प्रत त्याच्या अर्जास जोडून.