कुकडीचे गोटे



सातवीत भूगोलाच्या तासाला सर म्हणाले, ‘पाणी खडक कापतं.’ मी मोठ्यानं हसलो. जतला घागरभर पाण्यासाठी रांगेत उभी राहणारी पोरं आपण!

यंदा उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडी नदीची घळ पाहिली. आपल्या विहिरींत लागतो तोच काळा खडक, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पुराच्या भोवऱ्यात गोटे गरगरतात, खडक घासून रांजणखळगे पाडतात. खळगे रुंदावत एकमेकांना मिळतात, तशी घळ खोल होत जाते.

खळग्याच्या तळातला एक गोटा उचलला. अगदी गुळगुळीत. खडक घासताना तोही झिजला होता. सर, आम्हाला घडवताना तुम्हीही झिजलात. तेव्हाचं हसणं आज सगळ्यांसमोर मागं घेतो.