ऊसतोडीला जायच्या आधीची ग्रामसभा



आज बोलायचंय हवामान बदलावर. हा शब्द ऐकला की वाटतं, हे कुठल्या तरी मोठ्या सभागृहातलं बोलणं असणार. पण आपण ओट्यावर बसून जे म्हणतो ना, ‘बाई, पाऊस पहिल्यासारखा राहिला नाही,’ तेच हे.

कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळलं की जो वायू निघतो, तो पृथ्वीभोवती गोधडीसारखा साठतो आणि आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. शंभर-दीडशे वर्षांत जगाचं सरासरी तापमान एक अंशाहून जास्त वाढलं. एक अंशानं काय होतं? तापलेली हवा जास्त बाष्प धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० पासून मध्य भारतात मोठ्या भागावर कोसळणारा अतिमुसळधार पाऊस तिपटीनं वाढलाय. म्हणून मृग कोरडा जातो, दुबार पेरणी होते, आणि सोयाबीन काढणीला आलं की आभाळ फाटतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते वेगळं सांगायला नको. पीक तर गेलंच, पण ज्यांची मातीच वाहून गेली त्यांनी पेरायचं कशात?

आपल्या परळीचंच बघा. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आपण लहानपणापासून बघतोय. कोळसा जाळून वीज करायची, त्या धुरानं हवा तापायची. पण त्या केंद्रालाही पाणी लागतं! २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी. पाणी तुटलं की घागरीवाल्या बाईचं घर अडतं, तसा सरकारचा कारखानाही अडतो.

२०१६ चा उन्हाळा तर कुणीच विसरणार नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. शेजारच्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याआधी पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून तिथं जमावबंदी लावली होती. पाणी आटलं की पहिल्यांदा माणुसकी आटते. आणि टँकर कुणाच्या दारासमोर उभा राहतो, त्यावर गावातलं राजकारण चालतं. हे मी सांगायची गरज नाही.

आता ऊसतोडीकडं येते. पाऊस बरा झाला तर घरातलं एखादं माणूस मागं राहतं, नाही झाला तर कुलूपच लागतं. उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि दसरा झाला की मुकादमाच्या गाडीत. मला नेहमी एक गोष्ट खटकते. पाणी नाही म्हणून आपण गाव सोडतो, आणि जातो कुठं, तर सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक तोडायला. तिथंही हवामान पाठ सोडत नाही. अवकाळी पावसानं फडात चिखल झाला की तोड बंद, मजुरी बंद, उचल मात्र अंगावर. २०२२ साली ऊस इतका झाला, की कारखाने जूनपर्यंत चालले. मे महिन्याच्या उन्हात, अंग भाजत असताना, बाया मोळ्या वाहत होत्या.

बाईच्या अंगावर याचं काय होतं, ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची माहिती घेतली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. फडात संडास नाही, पाळीत आडोसा नाही, दुखलं म्हणून बसलं तर खाडा पडून दंड. मग कुणी तरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट संपेल. ती संपत नाही, कंबर आणि हाडं जन्मभर दुखत राहतात. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांनी अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा आदेश निघाला. म्हणून डॉक्टरनं घाई केली, तर ‘परवानगी घेतली का?’ असं सरळ विचारा.

लेकरांचंही तेच. पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून शाळा सुटते आणि चौदा-पंधराव्या वर्षी लग्न लावून देतात. तिला ठेवायला हंगामी वसतिगृह आहे, संत भगवानबाबा वसतिगृहाची योजना आहे. जायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा.

आता ग्रामसभेचं. आपल्याकडं ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. २६ जानेवारीला आपण कुठं असतो? फडात. म्हणजे कुठला नाला खोल करायचा, विहीर कुठं घ्यायची, हे ठरतं तेव्हा सगळ्यात जास्त तहानलेलं घर हजरच नसतं. २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत, पण खुर्चीवरच्या बाईला मागणारी बाई समोर दिसली पाहिजे ना! म्हणून २ ऑक्टोबरची सभा सोडू नका. तिच्याआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घेणं कायद्यात आहे. ती झाली नाही, तर का नाही झाली, हे ग्रामसेवकाला विचारा.

तिथं काय मागायचं? रोजगार हमीचा पहिला कायदा १९७७ साली आपल्याच महाराष्ट्रानं केला, १९७२ च्या दुष्काळातून शिकून. खडी फोडणाऱ्यांत बायाच जास्त होत्या. तेव्हा कामांची यादी आपल्या तोंडून गेली पाहिजे: बांधबंदिस्ती, शेततळं, जुन्या विहिरीचा गाळ. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, त्याच्या यादीत आपलं गाव आहे का, असेल तर गावच्या समितीत बाया कोण, तेही विचारा. आणि ऊसतोड कामगार म्हणून नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंद करून ओळखपत्र घ्या. एकट्या नवऱ्याच्या नावावर नको.

ज्यांच्याकडं तुकडाभर जमीन आहे, त्यांनी लातूर-धाराशिवकडच्या बायांचं ऐकावं. स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेबरोबर त्यांनी घरच्या रानातला एक एकर स्वतःकडं मागून घेतला. त्यात डाळी, ज्वारी-बाजरी, भाजीपाला असं मिसळून, कमी पाण्यावर, शेणखतावर पिकवलं. एक पीक गेलं तरी दुसरं ताटात येतं. या कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एक एकर नसेल तर दहा गुंठे मागा. नवरा पहिल्यांदा हसेल, हसू द्या.

घटस्थापना जवळ आली, मुकादम घरोघर फिरायला लागलेत. उचल घ्याल तेव्हा आकडा लिहून घ्या, त्याची एक प्रत गटाच्या अध्यक्षबाईकडं ठेवा, आणि २ तारखेला सकाळी येताना शेजारणीला हाक मारून या.